अर्धा इंच कमी

सिदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिटारच्या तारा पुसत बसलो होतो. सकाळी दुकानाचं शटर उघडता उघडता छातीत कळ आली आणि तो पायरीवरच बसला, एवढंच त्याच्या भावानं सांगितलं. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी माझ्या मनात एक विचार येऊन गेला... आता आमच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात गिटार वाजवणारा मी एकटाच. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सिद्धार्थला सगळी हिंगोली सिदूच म्हणायची. एसटी डेपोच्या मागं त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. आमच्या गायन पार्टीत तो ढोलकीवाल्यामागं बसून कोरस द्यायचा. गिटार माझी होती, नांदेडहून आणलेली, काळी चकचकीत. निवेदक माझं नाव सगळ्यांत शेवटी, जरा लांबवून घ्यायचा, आणि मला ते फार आवडायचं. मग एक दिवस सिदू म्हणाला, "म्या बी एक इलेक्ट्रिक गिटार करून राहिलो. घरीच." मी हसलो. फळीला तारा ठोकील आणि आठ दिवसांत कंटाळेल, असं मला वाटलं.

तो कंटाळला नाही. मोडक्या पलंगाची सागवानी फळी त्यानं कापली, घासली, कडा गोल केल्या. वरची मान कुरिअरनं मागवली, पण तारांचा आवाज पकडणारं पिकअप काही विकत घेतलं नाही. मोटारीची कॉइल भरायच्या हातयंत्रावर केसाएवढी बारीक तार त्यानं स्वतः गुंडाळली. हजारो वेढे, एकदाही न तुटता... मी शेजारी चहा पीत पाहत होतो आणि तार तुटावी असं मनापासून वाटत होतं. रंगाची वेळ आली तेव्हा म्हणाला, हळदीच्या हिंगोलीचा माणूस पिवळा रंग इकत आणीन का? स्पिरिटमध्ये हळद कालवून फळीला तीन हात दिले आणि वाळायला गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी फळी पुन्हा होती तशी. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे त्याला त्याच्या बायकोनं, सुजातावहिनींनी, एका शब्दात सांगितलं असतं, पण विचारतो कोण! वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, मी तर पोटभर हसलो. त्यानं पुन्हा हळद लावली, यावेळी खोलीत सावलीला वाळवली, वर लॅकरचे हात देऊन पॉलिश पेपरनं घासत राहिला. शेवटी ती अशी झळकली की मला पाहवेना.

राहिला होता ब्रिज, म्हणजे खालच्या बाजूला तारा ज्या पत्र्यावर टेकतात तो. तो नेमका कुठं बसतो यावर सगळे सूर अवलंबून. सिदूनं फोन करून माझ्या गिटारचं, मानेच्या वरच्या टोकापासून ब्रिजपर्यंतचं, माप विचारलं. मी टेप लावली, बराबर मोजलं आणि अर्धा इंच कमी सांगितलं. चुकून नाही. आकडा तोंडातून गेल्यावरही दुरुस्त करायला वेळ होता... मी केला नाही.

त्यानं भोकं पाडून स्क्रू आवळले, तारा चढवल्या. मोकळी तार सुरात लागायची, बोट ठेवलं की बेसूर. चार दिवस तो कान लावून बसला. पाचव्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाला, "टेप सरकली असंल तुही, गौतम. होतं कदी कदी." ब्रिज त्यानं मागं सरकवला. पुढं कनेरगाव नाक्याच्या कार्यक्रमात ती पिवळी गिटार अशी काही बोलली की माझ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यानंतर निवेदक शेवटचं नाव त्याचं घेऊ लागला. मी आतून जळत राहिलो, आणि तो मात्र प्रत्येक कार्यक्रमाआधी माझ्या तारा जुळवून द्यायचा.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावून ती गिटार माझ्या हातात दिली. मला राहवेना. मापाची गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"त्यायला माहीत होतं, भाऊजी. तुमची गिटार दुरुस्तीला दुकानात आलती, तवा त्यायनं मोजली. मला म्हणले, गौतमला इचारू नको. त्याच्याकडं एवढी एकच गोष्ट हाय, अन् ती बी म्या घेऊन राहिलो."

मला रडू आलं, पण त्याआधी राग आला. माफ करण्यातसुद्धा या माणसानं मला मागं टाकलं होतं, आणि आता भांडायला तो नव्हता. घरी येऊन मी ब्रिजचे स्क्रू काढले. कार्यक्रमांच्या उन्हानं फळी वरून फिकी पडली आहे, पण पत्र्याखालचा रंग अजून गर्द आहे, नुकत्याच दळलेल्या हळदीसारखा. त्यात माझ्या मापाची जुनी भोकं होती. आगपेटीच्या काड्या ठोकून बुजवलेली, वरून हळद लावून झाकलेली. मी टेप लावून पाहिली. अर्धा इंच कमी, बराबर.

पत्रा पुन्हा ठेवला आणि स्क्रू सिदूच्या भोकांत आवळले.