वाटीतल्या गोळ्या

फोन आला तेव्हा मी तलासरीच्या शाळेत परीक्षेचे पेपर वाटत होते. आई तेव्हा बोर्डीच्या अलीकडे, चिकूच्या वाडीत असलेल्या एका वृद्धाश्रमात राहत होती. तिथल्या व्यवस्थापक बाई बोलत होत्या. "तुमच्या आईंनी आपल्या शुगरच्या गोळ्या शेजारच्या बांना दिल्या. बा बेशुद्ध पडल्यात, त्यांना डहाणूला हॉस्पिटलात नेलंय. तुम्ही ताबडतोब या."

खरं सांगते, आधी मला बांची काळजी वाटली नाही. आधी लाज वाटली. आजूबाजूला चार शिक्षक उभे होते, त्यांनी "काय झालं?" विचारलं, आणि मी "आईला जरा बरं नाही" असं बेधडक खोटं बोलून पर्स उचलली. एसटीची वाट बघण्याइतका धीर नव्हता. रिक्षा केली आणि वाटभर मनातल्या मनात आईशी भांडत गेले.

बा म्हणजे आईच्या शेजारच्या खाटेवरच्या गुजराती आजी. आश्रमात लहानथोर सगळेच त्यांना बा म्हणत. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता, पण मधुमेह अजिबात नव्हता. मधुमेह नसलेल्या माणसाला आईच्या गोळ्या किती घातक, हे रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर वाचलं आणि रिक्षावाल्याला आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

आश्रमात पोचले तर व्यवस्थापक बाई दारातच उभ्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "बांच्या जिवाला काही झालं तर पोलीस येतील. आणि नाही झालं, तरी तुमच्या आईंना इथे ठेवायचं की नाही, ते आम्हाला ठरवावं लागेल." मी मान डोलावली. वडील गेल्यावर गंजाडचं आमचं गावचं घर बंद केलं होतं. मी सकाळी तलासरीला जायची ती दिवेलागणीला डहाणूला परतायची. आईचे पाय इतके जळायचे की तिला चुलीपाशी उभं राहवत नसे. इथून काढलं तर तिला नेणार कुठे?

औषधांची पद्धत सिस्टरनी सांगितली. सगळ्यांची औषधं ऑफिसच्या कपाटात कुलपात असायची. जेवणाआधी प्रत्येकाच्या गोळ्या खाटेचा नंबर लिहिलेल्या झाकणात काढायच्या आणि ताटाशेजारी ठेवून पुढे जायचं. परत येताना "घेतली?" विचारायचं. आई म्हणायची, "घेतली." आणि गोळी जायची पदराच्या गाठीत. घामाने आणि दमट हवेने गोळ्यांच्या कडांचा भुगा झाला होता. उरलेल्या दोन-तीन गोळ्या सिस्टरनी मला कागदावर दाखवल्या.

मग मला उमगलं. मधे आईची साखर एकाएकी वाढली होती. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली होती आणि मी तिला वाडीतले पडलेले चिकू खातेस म्हणून चांगलं फैलावर घेतलं होतं. ती तेव्हा एक अक्षर बोलली नव्हती.

आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, आणि त्याचाच मला राग आला. सिस्टर, बाई, समोरच्या खाटांवरच्या आजी, सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "अक्कल गहाण ठेवलीस का? औषध म्हणजे काय खिरापत आहे वाटायला?"

तिने पाय खाली सोडले. मग म्हणाली, "तिचा लेक सुखडी, आपली गुळपापडी गं, घेऊन येतो. ती मला वाटीभर देते, दर वेळेला. मी नको म्हटलं तरी देते."

"मग?"

"मग रिकामी वाटी परत कशी देऊ गं?"

गंजाडला आमच्या घरून कोणाचंही भांडं रिकामं परत गेल्याचं मला आठवत नाही. मूठभर वाल, परसातल्या चार मिरच्या, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. भांडं घेऊन आई मलाच पिटाळायची.

"इथे साखर नाही देत मला," आई सांगत होती. "चूल नाही, परस नाही. माझं म्हणून काय आहे? तिचे पण पाय जळतात. माझे या गोळ्यांनी जरा निवले होते, म्हणून मी त्या जमवल्या. चांगली वस्तूच दिली मी. काल वाटीत घालून दिल्या, म्हटलं, एक रात्री घे, एक सकाळी घे."

म्हणजे स्वतःचे पाय जळत ठेवून तिने त्या जमवल्या होत्या. मी दर रविवारी तिला भेटायला यायची. पावडर, पेरू, स्वच्छ धुतलेल्या साड्या आणायची आणि स्वतःवर खूश होऊन परत जायची. दुसऱ्याला द्यायला हातात काही असावं असं आईला वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तिथून हॉस्पिटलात गेले, तर बांना सलाइनमधून ग्लुकोज चालू होतं. त्या शुद्धीवर आल्या होत्या, पण गोळीचा अंमल बराच वेळ राहतो म्हणून त्यांना तिथेच ठेवणार होते. बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. "माझी बा गेली असती तर?" तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. मी हात जोडले. वाटीचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो कदाचित विरघळला असता, पण ते आईच्या चुकीवर पांघरूण घातल्यासारखं झालं असतं. तक्रार मात्र त्याने केली नाही.

आश्रमाने आईला ठेवून घेतलं. अट एकच होती. यापुढे सिस्टर समोर उभ्या राहून तिला गोळी देणार आणि तोंड उघडून बघणार. बांची खाटही दुसऱ्या खोलीत हलवायचं ठरलं.

पहिल्या वेळी मी तिथेच होते. सिस्टर म्हणाल्या, "आजी, आ करा. जीभ वर करा. आता गालात दाखवा." आख्ख्या पाड्याच्या बाळंतिणींना आपल्या हाताने डिंकाचे लाडू भरवणारी माझी आई खाटेच्या कडेला बसून तोंड वासून दाखवत होती. समोरच्या आजींनी नजर फिरवली. मलाही फिरवायची होती, पण आई माझ्याकडेच बघत होती.

सिस्टर पुढे गेल्या. आईने पदराने ओठ पुसले आणि हळूच विचारलं, "नीट दाखवलं ना गं मी? आता तुला माझ्यापायी लाज नाही ना वाटणार?"