दोनदा चाळलेला मैदा

मामा खरं तर एकाच मुलीचा मामा. पण ती भाची लहानपणी बेकरीत गल्ल्यामागे बसून दिवसभर "मामा, मामा" करायची, त्यामुळे येणारीजाणारी सगळीच त्याला मामा म्हणू लागली. बेकरी त्याच्या ताईची. मेहुणे गेल्यापासून ताई गल्ला सांभाळायची आणि मामा भट्टी. ताईचं एक वाक्य गिऱ्हाइकांना तोंडपाठ होतं: "माझा भाऊ मैदा दोनदा चाळतो." एखाद्याने नुसता पावाचा भाव विचारला तरी त्याला हे ऐकून घ्यावं लागे. पण ते खोटं नव्हतं. मामा खरंच दोनदा चाळायचा.

भाचीने नोकरी लागल्यावर नवा कॅमेरा घेतला आणि जुना, अगदी साधा, मामाला पाठवून दिला. माणसांचे फोटो काढायला मामा लाजायचा, म्हणून तो किड्यांच्या मागे हात धुऊन लागला. किड्यांनी त्याच्या नाकी नऊ आणले. कॅमेऱ्यावरचं चाक फुलाच्या खुणेवर नेलं की जवळचं दिसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. पण चतुराची शेपटी झकास यायची आणि तोंडाच्या जागी नुसतं धुकं. "मामा, डोळा स्पष्ट आला पाहिजे," भाची फोनवर सांगायची. "बाकी काही येवो न येवो."

मग मामाने ताईचं वाचायचं भिंग चिकटपट्टीने कॅमेऱ्याच्या तोंडाला बसवलं. बटण अर्धं दाबून धरायचं, श्वास सोडायचा, आपणच केसभर पुढेमागे व्हायचं आणि डोळा लख्ख दिसला की उरलेलं बटण दाबायचं, हे तो चुकतमाकत शिकला. बागेतल्या बाकाखाली मामा पालथा पडलेला दिसला की नवखे लोक पाणी घेऊन धावायचे. ताई भिंग शोधत घरभर फिरायची आणि हा गप्प बसायचा.

एके दिवशी शाळेच्या सहलीसाठी बिस्किटं द्यायची होती. मामाने पहाटे नवं पोतं फोडलं, ओट्यावर मूठभर मैदा भुरभुरला आणि रात्री मळून ठेवलेल्या गोळ्याची पहिली बिस्किटं साच्याने कापली. तेवढ्यात पोत्याच्या तोंडातून एक तपकिरी किडा बाहेर आला. तिळाएवढाही नसेल. तो हळूहळू चालत कापलेल्या बिस्किटावर चढला. खाली पांढरा मैदा, त्यामुळे उजेड चहूबाजूंनी, आणि किडाही असा सावकाश की जणू फोटोलाच आलेला. मामाचं भान हरपलं. तो धावत कॅमेरा घेऊन आला, एक फोटो काढला, मग दुसरा, मग आणखी. शेवटी डोळा आला. इतका स्पष्ट की त्याच्यावरचे बारीक दाणेसुद्धा दिसत होते.

भानावर आला तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. शाळेची गाडी यायची वेळ झाली होती. त्याने किडा फुंकून उडवला आणि पोत्यातला उरलेला मैदा न चाळताच मळायला घेतला.

तो फोटो वाचनालयाच्या प्रदर्शनात पहिला आला. त्यांनी तो खिडकीएवढा मोठा करून दाराच्या समोरच लावला. ताई ठेवणीतले कपडे घालून, बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि सगळ्यांना वाटत सुटली. लोक बिस्किटं खात फोटो बघत होते. बेकरीच्या समोरचा शिंपी मात्र फोटोच्या अगदी जवळ गेला.

"मामा, हे पान ओळखीचं वाटतंय," तो म्हणाला आणि त्याने हातातलं बिस्कीट फोटोशेजारी धरलं.

साचा मेहुण्यांनी स्वतः पत्रा ठोकून केला होता. पानाच्या आकाराचा, आणि देठ वाकडा. तसलं बिस्कीट दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. फोटोत किड्याच्या पायाखाली तोच वाकडा देठ होता, डोळ्याइतकाच स्पष्ट. मामाने तो फोटो शंभरदा पाहिला असेल, पण दर वेळी डोळाच पाहिला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजूबाजूची तोंडं चावायची थांबली.

ताई मोकळेपणाने हसली. "अहो, फोटोसाठी किडा आणून ठेवला असेल कुठून तरी. माझा भाऊ मैदा दोनदा चाळतो." हे म्हणताना तिने मामाकडे वळूनही पाहिलं नाही. तिला गरजच वाटली नाही. शिंप्याने मात्र पाहिलं, आणि मामाने मान डोलावली.

"मग ठीक," शिंपी म्हणाला आणि त्याने बिस्कीट तोंडात टाकलं. मामाला वाटलं, कुणीतरी ओरडावं, चारचौघांत कान धरावा. तसं काहीच झालं नाही, उलट दोघातिघांनी पाठ थोपटली.

घरी येताना ताई खुशीत होती. "याची एक प्रत दुकानात लावू या. गल्ल्याच्या मागे, सगळ्यांना दिसेल अशी."

दाराशी आल्यावर मामा थांबला. "ताई, किडा पोत्यातलाच होता."

ताईने कुलपात किल्ली घातली होती, ती तशीच राहिली. "पोतं कुठे टाकलंस मग?"

"वापरलं."

"चाळून ना?"

चप्पल काढायच्या निमित्ताने मामा खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"शाळेची होती रे ती बिस्किटं," ताई म्हणाली. किल्ली फिरवत म्हणाली, "आणि मी त्या शिंप्याला तोंडावर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, मग शिंप्याकडे. मी जातो, असं मामाने विनवून पाहिलं. "शब्द माझा होता," एवढंच म्हणून ती निघाली. मामाने भिंगावरची चिकटपट्टी सोडवली, काच पुसली आणि भिंग तिच्या कपाटात जागच्या जागी ठेवलं.

आता ती पहाटे भट्टीवर येते. मामाने दोनदा चाळून ठेवलेला मैदा ओढून घेते आणि पुन्हा चाळते. चिडत नाही, टोमणा मारत नाही. चहा दोघांचाही तीच करते. आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की गल्ल्यावरून सांगते, "मैदा मी स्वतः चाळते." भट्टीपाशी उभ्या असलेल्या मामाला ते रोज ऐकू येतं.