आपोआप गेली असती

मंडळी, आज लेकीच्या हनुवटीवरची चामखीळ दाखवायला बारामतीला गेले होते. सोबत माझी त्र्याऐंशी वर्षांची आत्या होती.

डॉक्टर म्हणाले, "ही विषाणूमुळे येते. मुलांची बऱ्याचदा आपोआप जाते. घरी काही लावू नका."

आत्यानं मधेच विचारलं, "चुना-सोडा लावला तर?"

"अजिबात नको आजी. कातडी जळते, कायमचा डाग राहतो."

आत्याच्या गालावर रुपयाएवढा डाग आहे. आम्ही तो जन्मापासून बघतोय. कसला, ते कधी विचारलंच नाही.

परतताना एसटीत ती आपणहून बोलली. "छप्पन साल असंल. निरवांगीला मला बघायला पावणं यायचं हुतं. त्याआधी चामखीळ पडावी म्हणून आईनं चुना-सोडा लावला. लई आग झाली, पर तिनं पुसू दिला न्हाय. पावणं आलं, गाल बघून गेलं. मग कुणीच आलं न्हाय."

आत्या जन्मभर आमच्याच घरी राहिली.

राग कुणावर काढायचा, सांगा.

मला वाटलं, आता ती आपल्या आईला बोल लावणार. पण गालावरून पदर ओढून घेत ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, हे ऐकायला आई न्हाय."