वाफवलेल्या वड्याला कावळा शिवेना

माझं सांधेदुखीचं पथ्य माझ्या वडिलांनी, दादांनी मोडलं, आणि तेही वारल्यानंतर!

गुडघे सुजले म्हणून डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "तळलेलं, गोड बंद. वजन उतरवा." (समोर वडा दिसला की माझा हात माझा राहत नाही, हे बायकोनं त्यांना आधीच सांगितलेलं.) तेवढ्यात दादांचं पित्र आलं. दादा जन्मभर गुडघे धरून लंगडले, पण उडदाचे वडे काही सोडले नाहीत. मी मात्र हुकूम काढला, "यंदा घरात तळण नाय! वडे वाफवायचे, खीर बिनसाखरेची."

"पित्रांना कुठलं आलंय रं पथ्य?" आई कळवळली.

"त्यांच्या नावानं खाणार मी, अन् सुजणार माझे गुडघे!"

भर दुपारी औरंगपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर पान ठेवलं. शेजारच्या गच्च्यांवर कावळ्यांची झुंबड, आमच्याकडं एकही नाही. वारा पडलेला. मग एकटाच एक कावळा कठड्यावर उतरला आणि पानाकडं चालत आला. लंगडत! डावा पाय ओढत!

आईनं डोक्यावर पदर घेतला. "अहो, आलात व्हय?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कावळ्यानं वाफवलेला वडा चोचीनं उलटा केला, खालूनही तपासला आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघत बसला. दादा अळणी भाजी वाढणाऱ्याकडं बघायचे, तस्सा!

तो शिवल्याशिवाय घरात कुणाला घास नाही. सकाळपासून उपाशी आई कठड्याला टेकून खाली बसली. "लई नाराज हायत ते. बापाला उपाशी धाडतोस व्हय?"

"दादा, पुढच्या वर्षी तळतो," मी हात जोडले. कावळा ढिम्म.

"कढई ठेव गं!" मी जिन्यातून बायकोला ओरडलो.

तळणाचा वास वर आला तसा तो माझ्या पायाशी सरकत आला. गरम वडा पानात ठेवायच्या आधीच हातातून ओढून उडाला! आई रडता रडता हसली. खाली जेवायला बसलो. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? (एका वड्याला 'नाही' म्हटलं नाही, मग कुठल्याच वड्याला म्हणता आलं नाही.)

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो, तर तोच कावळा मान वाकडी करून माझ्याकडं बघत कठड्यावर ऐटीत चालत होता. दोन्ही पायांवर, ठणठणीत! डावा गुडघा सुजून भोपळा झाला होता तो माझा. जिन्याचा कठडा धरून, पाय ओढत खाली उतरलो. स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली आई, मागं न बघताच म्हणाली, "अहो, आलात व्हय? वडा झाकून ठेवलाय."

'आई, मी आहे' असं सांगायला तोंड उघडलं खरं, पण तेवढ्यात झाकणाखालून वडा दिसला. म्हटलं, दादांचं मन कशाला मोडा!