तिसऱ्या बटणावरचे गुरुजी

शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि मी स्विचरचं तिसरं बटण दाबलं. एलईडी वॉलवर नवरानवरी दिसायला हवे होते, त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला हव्या होत्या, सनईचा आवाज चढायला हवा होता. सनई बंद पडली. पडद्यावर नवरीच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आला. खाली अक्षरं होती: भावपूर्ण श्रद्धांजली.

मी गोंदियात व्हिडिओचं काम करतो. हे लग्न जवळच्या दवनीवाडा गावातलं. एलईडी वॉल तेव्हा आमच्याकडे नवीनच होती, आणि स्विचरही मी नुकताच घेतलेला.

स्विचर म्हणजे बटणांचं एक यंत्र. सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं त्यात येतात. कोणतं पडद्यावर जाईल, ते बटण दाबून ठरवायचं. आवाजही माझ्याकडे त्यातूनच जायचा. पण कधी कधी एकाच क्षणी तीन-चार कामं करावी लागतात. चित्र बदल, फोटो लाव, आवाज कमी कर. हात दोनच. म्हणून ती कामं मशीनला एकदा क्रमानं करून दाखवायची. मशीन ती लक्षात ठेवतं. याला मॅक्रो म्हणतात. मग तो मॅक्रो एखाद्या बटणाला जोडायचा, म्हणजे असाइन करायचा. मॅक्रो बनवणं वेगळं आणि असाइन करणं वेगळं. त्या दिवशी मी पहिलं केलं आणि दुसरं राहिलं.

तिसऱ्या बटणावर जुना मॅक्रो होता. थंडीत याच घरी नवरीचे वडील, म्हणजे गुरुजी, गेले. अर्धं गाव त्यांच्याकडे शिकलेलं. शोकसभेचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मी मॅक्रो केला होता: आवाज बंद, गुरुजींचा फोटो, दोन मिनिटं तसंच, मग आवाज चालू आणि कॅमेरा दोन, कारण तिकडे भाषण करणारे उभे होते. मधल्या कामांत तिसऱ्या बटणाची गरज पडली नाही. मशीन बंद केलं तरी ते काही विसरत नाही. विसरलो मी.

लग्नाच्या दुपारी गुरुजींच्या पत्नी माझ्या टेबलाजवळ आल्या होत्या.

"भाऊ, मागून दिसन ना पडद्यावर?"

"मागून कशाला, वहिनी? समोर बसा ना."

"नाही. लग्न लागतावक्ती मी समोर नसते. जाऊ अन् दीर करून राहिले सारं. मी कनातीजवळ बसीन. तिथून दिसलं पाहिजे, बस."

ते 'नसते' त्यांनी कुणावर न रागावता म्हटलं, म्हणूनच मला जास्त लागलं. त्या घरात विधवेनं शुभकार्यात मागं राहायची रीत होती. मी म्हणालो, "वहिनी, हार घालताना दोघांचे चेहरे तुम्हाला अख्ख्या मांडवात सगळ्यात मोठे दिसतील." त्या समाधानानं गेल्या. पाकळ्यांचा मॅक्रो मी त्यांच्यासाठीच बनवायला घेतला. तो संपवला, आणि आता असाइन करणार, तेवढ्यात गुरुजींचे धाकटे भाऊ आले. लग्नाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता.

"काहो, माझं नाव कवा येते पडद्यावर?"

"येईल काका, जेवणाच्या वेळी."

"तवा कोन पाहते? सारे पंगतीत रायतीन. आत्ताच टाका."

मी नाव टाकलं. त्यांना ते लहान वाटलं. मोठं केलं. असाइन करायचं राहूनच गेलं.

आणि आता पडद्यावर गुरुजी होते. कॅमेरा दोनवरचे सलीमभाई हेडफोनमध्ये म्हणाले, "भैया, ये क्या लगा दिया?"

स्टॉपचं बटण होतं. माझं बोट तिथवर गेलंही. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे उठले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांच्यामागे दुसरे. मग सगळा मांडव उभा राहिला. काका धावत आले.

"काऊन हो! लग्नात हे कायले लावलं? बंद करा!"

"काका, लोक उभे आहेत."

त्यांनी वळून पाहिलं. मग तिथंच, माझ्या टेबलाला टेकून, हात जोडून उभे राहिले. भटजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांनीही हात जोडले. ज्या वहिनींना सगळं दाखवायचं कबूल केलं, त्यांच्यासमोर मी लेकीच्या लग्नात नवऱ्याची शोकसभा लावली होती.

दोन मिनिटं संपली. मॅक्रोनं आपलं शेवटचं काम केलं. आवाज चालू, कॅमेरा दोन. सलीमभाईंनी तोवर कॅमेरा मागं वळवला होता. पडद्यावर वहिनी आल्या. कनातीचा बांबू धरून उभ्या, डोक्यावर पदर, डोळे पुसत. भिंतीएवढ्या.

हातात हार घेतलेल्या नवरीनं वर पाहिलं. भटजींचा माइक शेजारीच होता, आणि आवाज नुकताच चालू झालेला.

"माय, तू तिकडं काऊन उभी आहेस?"

पडद्यावर वहिनींनी हातानं नाही नाही केलं.

"तू येत नाही तोवर मी हार घालत नाही."

बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी ओरडलं, "जाय ना वं!" काकी, म्हणजे काकांच्या पत्नी, स्टेजवरून खाली उतरल्या, मांडवातून चालत मागं गेल्या आणि जावेचा हात धरून तिला घेऊन आल्या. काकांनी त्यांना अडवलं नाही. मग हार घातले गेले. पाकळ्या मी लावल्या नाहीत. कोणत्याच मॅक्रोला हात लावायची हिंमत नव्हती. कॅमेरे एकेक करून बदलत राहिलो.

जेवणाच्या वेळी मी वहिनींकडे गेलो. "चुकलो मी. पडद्यावर सगळं दाखवीन म्हणालो होतो."

"पडद्यावर कुठं पाह्यलं भाऊ? जवळूनच पाह्यलं ना." मग म्हणाल्या, "जेवले का तुम्ही?"

काका मागून म्हणाले, "अन् माझं नाव कोनीच नाही पाह्यलं."

त्या लग्नामुळे मला पुढं बरीच कामं मिळाली. लोक म्हणतात, काय कल्पना लढवली! मी दर वेळी सांगतो की कल्पना नव्हती, चूक होती. त्यांना ते खरं वाटत नाही, आणि फुकटचं श्रेय घेतल्यासारखं मला टोचत राहतं. त्या चुकीचं जे चांगलं झालं ते त्या मुलीनं, काकींनी आणि सलीमभाईंनी केलं. त्या तिघांचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता कामाला जाण्याआधी जुने मॅक्रो पुसतो. पडदा चालू करण्याआधी प्रत्येक बटण एकदा दाबून पाहतो. चौथं बटण मात्र कायमचं असाइन करून ठेवलं आहे. ते दाबलं की मांडवाची शेवटची रांग पडद्यावर येते. अक्षता पडायच्या आधी मी ते एकदा दाबतो.