कुरडयांशेजारचे जबडे

माणसाच्या चेहऱ्यात जबड्याखेरीज दुसरं काहीही न दिसणारी बाई या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या नशिबी नणंद म्हणून आली. आमच्या वन्सं जबड्याच्या डॉक्टर. दात काढणाऱ्या नव्हेत. तसं कुणी म्हटलं तर त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होतो. जबड्याच्या हाडात येणाऱ्या गाठी, सुजा, पाण्याच्या पिशव्या यांतली कुठली कशाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणं हे त्यांचं काम. परगावच्या कॉलेजात त्या हेच शिकवतात. शनिवार-रविवार तुळजापूरला माहेरी येतात आणि आमच्या ओसरीवर बसून गावाला हेच ऐकवतात, तेही तारस्वरात. माझे सासरे पुजारी, त्यामुळे घरात भाविकांचा राबता. देवीच्या दर्शनाला आलेला माणूस ओसरीवर टेकला की वन्संनी त्याच्या तोंडात बॅटरी घातलीच.

माझ्या मामेबहिणीला बघायला आमच्याकडं पाहुणे आले तेव्हाची गोष्ट. मुलाचे वडील पोहे खात होते. वन्सं समोर बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मी डोळ्यांनी खुणावलं, चिमटा काढला. काही उपयोग नाही. "काका, तुम्ही घास एकाच बाजूनं का चावताय? आ करा." आणि त्या भल्या माणसानं पोह्यांसकट आ केला! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वन्संनी टाळूवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाडाचा उंचवटा आहे. काही करत नाही. जन्मभर घेऊन फिरा." काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. कितीतरी वर्षं जीभ त्या उंचवट्याला लागायची आणि ते कुणाला न सांगता मनातल्या मनात मरत होते. मग त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागितली आणि लग्न जमलं. तरी वन्संचा राग गेला नव्हता. "इतकी वर्षं भीत बसला, पण दाखवायचं सुचलं नाही शहाण्याला!"

पण खरं भांडण आमचं गच्चीवरचं. भाविकांच्या नवसाच्या कंदुऱ्या होतात, बोकडं कापली जातात आणि त्यांचे जबडे वन्सं मागून आणतात. शेळ्यांच्या जबड्यात ज्या गाठी येतात त्यांचं माणसांच्या गाठींशी काही नातं आहे का, हे त्यांचं संशोधन. असेना का. पण ते जबडे उकळून, घासून वाळत कुठं घालायचे? माझ्या कुरडयांच्या बाजेवर! इकडं पांढऱ्याशुभ्र कुरडया, तिकडं दात विचकलेली बोकडं. मी कडाडून भांडले. वन्सं म्हणाल्या, "तुमच्या कुरडया तळून संपतील वहिनी, हे राहणार आहे." आता यावर बाईच्या जातीनं काय बोलावं?

त्यांच्या एका रागाचा मात्र माझ्यावरही रंग चढला आहे. आमच्याकडं कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. "तसलं दुखणं" म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. गालावर सूज दिसली की गाव आधीच निकाल लावून मोकळं. "तसलं म्हणजे कसलं?" वन्सं ओरडतात. "असेल तर असेल, त्यालाही औषध आहे. पण आधी बघा तरी! न बघता माणूस मारायलाय तुम्ही!"

अणदूरच्या भीमाबाईला असंच मारून ठेवलं होतं. धनगराची बाई, जन्म शेळ्यांमागं गेलेला. मुलगा तिला डॉक्टरकडं नव्हे, देवीच्या पायावर घालायला घेऊन आला होता. डाव्या जबड्याला लिंबाएवढी सूज. मी पाणी दिलं तर तिनं पिशवीतून स्वतःचा पेला काढला.

"येगळा ठिवलाय मला," ती म्हणाली. "आन् शेळ्या बी वाटून टाकल्या भावकीत. म्या काय आता ऱ्हात न्हाय, बाई."

"कुणी सांगितलं?" वन्सं.

"गावात समद्यांनी वळखलंय," मुलगा म्हणाला. "तसलंच हाय. उगं चिरफाड कशाला?"

मग जे झालं ते शेजारच्या तीन गल्ल्यांनी ऐकलं. वन्संनी त्या मुलाला उभं-आडवं झोडपलं, शब्दांनीच, पण मार बरा असं त्याला वाटलं असेल. मग जबड्याचा एक्स-रे फोटो काढून आणला. किडलेल्या दाढेचा खुंट आत राहिला होता आणि त्याच्या टोकाशी हाडात पिशवी धरली होती. सुई घातली तर पिवळसर पाणी आलं. "पाण्याची पिशवी दिसतेय," वन्सं म्हणाल्या, "पण तुकडा तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही." पुढं त्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यात खुंट आणि पिशवी दोन्ही काढून तपासली. साधी पिशवी. बाकी काही नाही.

जखम भरल्यावर वन्सं मला घेऊन अणदूरला गेल्या. पाराजवळ उभ्या राहून त्यांनी आवाज लावला, "भीमाबाई मेलेली नाही! ज्यांनी ज्यांनी शेळ्या नेल्यात त्यांनी आणून बांधा!" खंडोबाच्या देवळातली माणसं बाहेर आली. दिवस मावळायच्या आत शेळ्या दारात ओरडत होत्या. वन्सं घरात शिरल्या, कोपऱ्यातला तो वेगळा पेला उचलून त्यातून घटाघटा पाणी प्यायल्या आणि पेला सुनेच्या मांडणीत सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात भीमाबाईची नात दारात आली. चार-पाच वर्षांची. भीमाबाईनं हात पसरले, तर पोर आईच्या मागं दडली.

"म्याच लांब ठिवली तिला, लागंल बिगंल म्हणून," भीमाबाई म्हणाली. "आता यीना."

वन्संनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ओरडायचं कुणावर? येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला ती शांतता सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या बाईनं माझ्यावर तरी ओरडावं.

उन्हाळ्यात भीमाबाई जबडा दाखवायला आली, बरोबर सून आणि नात. सून खाली देवघराशी टेकली आणि भीमाबाई न सांगता गच्चीवर येऊन माझ्याबरोबर कुरडया घालू लागली. मागून पोर आली, अंतर राखून. बाजेच्या पलीकडं गेली आणि तिथं दात विचकून बसलेली बोकडं तिनं पाहिली. अशी किंचाळली म्हणता! आणि धावली ती सरळ आजीच्या अंगावर, गळ्याला मिठीच. भीमाबाईचे दोन्ही हात चिकानं माखलेले. ते तसेच वर धरून तिनं कोपरांनीच पोरीला आवळलं आणि रडू लागली.

वन्सं जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्या पाठ फिरवून जबडे नीट लावू लागल्या. नीटच होते ते. मग तिकडं तोंड करूनच खेकसल्या, "वहिनी, चीक गार व्हायलाय!" पण खेकसणं काही जमलं नाही त्यांना.

तेव्हापासून बाजेची अर्धी बाजू मी मोकळी सोडते. यंदा वन्संची बदली लांब झाली, उन्हाळ्यात येणं झालं नाही. कुरडया घातल्या, आणि निम्मी बाज तशीच ऊन खात पडली.