उघाडीदादा

दादा कुणाशी भांडले की ते भांडण बांधाच्या अलीकडेच ठेवत. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. भरती यायच्या आत त्याच्या फळ्या घालायच्या, ओहोटीला काढायच्या, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर जातं आणि खारं आत येत नाही. पेणच्या खाडीकाठी आमच्या अख्ख्या गावाचं भात या फळ्यांवर, आणि फळ्या दादांवर. शेजाऱ्याशी त्यांचा वर्षानुवर्षं अबोला होता. तरी भर पावसात त्याच्या शेतातलं पाणी काढायला दादाच जात. विचारलं तर म्हणत, "भांडण त्याच्याशी हाय, भाताशी नाय."

मी रोह्याच्या शाळेत शिकवते, त्यामुळे शेताकडे माझं लक्ष रविवारपुरतं. दादा टोमणा मारायचे, "बाईंचं भात पन रविवारीच पिकतं का गो?" आणि माझा बांध स्वतः लिंपून ठेवायचे.

मग आमचं गाव सरकारच्या विकास केंद्रात आलं. ग्रामपंचायतीत नकाशा लागला. आमची भातशेती पिवळी रंगवलेली होती, म्हणजे तिथे इमारती. जमीन संमतीने द्यायची आणि बदल्यात विकसित भूखंड घ्यायचा. मिरगाला सगळं गाव उघाडीवर जमलं. फळीवर हात ठेवून शपथ घेतली, संमती द्यायची नाही. पहिला हात दादांचा. "घरं बांधायचीत तर माळावर बांधा. भात माळावर व्हत नाय."

सर्वपित्रीच्या उधाणाला भात पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि दादा लेकीकडे नागोठण्याला गेले. कुणालाही न सांगता. फळ्या कुणीच घातल्या नाहीत, कारण त्या दादा घालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी शेतात खाडी उभी होती. पंचनाम्यात जमीन नापीक लागली. दादा परतल्यावर मान खाली घालून म्हणाले, "माझी चूक झाली." आम्हीच त्यांची समजूत काढली. मग एकेकाने संमती दिली. मीही दिली. खारट चिखलावर हट्ट पिकत नाही.

पुढच्या वर्षी भूमिपूजनाला मांडव उभा राहिला. विकास केंद्राच्या साहेबांनी दादांना व्यासपीठावर बोलावून शाल घातली आणि माइकवर सांगितलं, "गेल्या वर्षीच्या होळीलाच संमती देणारे पहिले शेतकरी."

होळीला. शपथ त्यानंतरच्या मिरगाची.

खाली उतरल्यावर ते माझ्याकडेच आले. "गो बाय, या पुनवेचं उधाण मोठं हाय. खालचं सामान वर ठेव."

"आणि फळ्या?"

"आता फळ्या कशाला? भरावच पडायचाय." शालीची घडी सारखी करत ते जेवणाच्या पंगतीकडे गेले.

पुनवेला मी तांदळाची पोती माळ्यावर चढवली. पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं. उधाणाचा दादांचा अंदाज कधीच चुकला नाही. सर्वपित्रीलाही चुकला नसणार.